नोंद नसलेला झरा

लोकांच्या विहिरीत डोकावून बघायचं, हे माझं काम होतं. एका खासगी भूजल संस्थेची मी क्षेत्र-सहायक. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ठरवून दिलेल्या विहिरी, प्रत्येकीची पातळी महिन्यातून एकदा, न चुकता. हातात पोलादी फीत, टोकाला शिशाचा गोळा, खिशात खडू. फितीच्या खालच्या भागाला खडू चोळायचा, फीत सोडायची, गोळा पाण्यात गेला की वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते वाचायचं. कुणालाही जमेल असं काम. पण एक तरुण मुलगी सायकलवरून येते, विहिरीच्या काठावर पालथी पडते आणि आत डोकावते, हे बघून माणसं हातातली खुरपी टाकून धावत यायची. कोरेगाव भीमाच्या बाजूला एका आबांनी मला मागून दंडाला धरून ओढलं होतं.

"पोरी, काय दुख आसंल ते बोल," ते म्हणाले, "पर आमच्या हिरीत नगं. प्यायचं पानी हाय."

दिवाळी अंकातले अनुभव निवृत्त माणसांनी लिहायचे असतात, असं मला वाटत होतं. मी निवृत्त नाही. मला कुणी काढलंही नाही. मी ते काम सोडलं, कारण दौंड तालुक्यातल्या एका वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा झरा गेला आणि त्यात माझा हात आहे. दुसऱ्यांचे हातही आहेत, आणि ते माझ्याहून मोठे आहेत, तेही मी लिहिणार आहे. पण सुरुवात माझ्या हातापासून करते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

मी यवतकडची. बौद्ध. शाळा-कॉलेजात असताना चळवळीची पत्रकं लिहून माझा हात तयार झाला. पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. चावडीसमोर उभं राहून ते लोकांना वाटलं, त्यांनी त्यात भजी बांधून घेतली, तेव्हा कळलं. वाक्य लहान पाहिजे. आणि वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर तो भजीच बांधणार. हा धडा पुढं मला महागात पडला.

विहिरींच्या कामात मला आधी दगड नाही, माणसं कळली. शिरूरकडच्या एका मोठ्या बागायतदाराच्या विहिरीवर दुसऱ्या महिन्यात मला आडनाव विचारलं गेलं. पहिल्या महिन्यात चहा मिळाला होता. आडनाव सांगितल्यावर ते गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, तुमची फीत नका सोडू, आमचा दोर हाय की." त्यांनी सुंभाचा दोर आणला, दगड बांधून स्वतः सोडला, आणि मी काठापासून चार हात लांब उभी राहून आकडा लिहिला. ओला सुंभ ताणला जातो. त्या विहिरीची पातळी आमच्या वहीत वर्षभर चुकीची गेली. वर्षाच्या शेवटी ऑफिसात आलेखावर ती एकच विहीर वेडीवाकडी दिसायला लागली, तेव्हा आमचे बापट सर म्हणाले की इथं खाली काहीतरी वेगळा खडक असला पाहिजे. मी म्हटलं, सर, खडक नाही, जात आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ती विहीर यादीतून काढून टाकली. मला ते आवडलं नाही. काढून काय टाकायची, लिहायचं की बाजूला, पातळी का चुकली ते. पण अहवालात तसं लिहीत नाहीत म्हणे.

बापट सर निवृत्त भूवैज्ञानिक. सरकारी नोकरीत आयुष्यभर अहवाल लिहिलेले, आता या संस्थेत मानधनावर. आमच्यात जुंपायची, पण दगड त्यांनीच मला शिकवला, आणि असा शिकवला की तो आता माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या पायाखाली, सगळ्या देशावर, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. टोपल्यात भाकऱ्यांची चवड असते तसे. काही थर घट्ट, काळे, सुरुंगाशिवाय न हलणारे. काही थर जाळीदार, लाव्हा थंड होताना वाफेचे बुडबुडे अडकून भोकं पडलेले. आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीची पट्टी. एक लाव्हा येऊन गेला, त्याच्यावर माती झाली, मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून गेला आणि ती भाजून निघाली. कुंभाराच्या आव्यातल्यासारखी. त्या तांबड्या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही. वरच्या जाळीदार दगडातून पाऊस मुरत येतो, तांबड्या थरावर येऊन अडतो, आणि मग आडवा चालायला लागतो. चालत चालत जिथं डोंगराचा उतार त्या थराला कापतो, तिथं पाणी बाहेर येतं. आपल्याकडं त्याला उपळ म्हणतात. सगळा माळ करपलेला असतो आणि मधेच चार पावलं जागा ओली, हिरवी. चमत्कार वगैरे काही नाही. खाली भांड्याचा तळ शाबूत आहे, एवढंच.

असं एक उपळ यवत आणि भांडगाव यांच्या मधल्या पट्ट्यात, हमरस्त्यापासून आत, एका माळाच्या उतारावर होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. उपळाच्या खाली दगडात कोरलेलं एक लहान कुंड, त्यात पाणी साचायचं, आणि कुंडाच्या खाली आमच्या माणसांची वस्ती. वस्ती तिथं का, तर गावच्या विहिरीवर एके काळी भरू देत नव्हते म्हणून. आता कोण अडवत नाही, पण नळाची लाईन वस्तीला पोचता पोचता पाण्याला दम राहत नाही, आणि सरकारी हातपंप बसवला तो महिन्याभरात मोडला. त्याचं पाणी तसंही तोंडात धरवत नव्हतं. वस्ती झऱ्याचंच प्यायची. ज्येष्ठातसुद्धा वाटीनं भरावं लागे, पण मिळे.

वस्तीतल्या सोनाबाईंशी माझी ओळख त्या कुंडावर झाली. साठीच्या बाई, ऊसतोडीला जाऊन आलेल्या, बोलायला फटकळ. कुंड साफ करायचं काम त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडं घेतलेलं. शेवाळ काढायचं, पण उपळाच्या कडेचं गवत उपटू द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. गवत उपटलं की माती कुंडात येते.

बापट सर पहिल्यांदा तिथं आले तो हिवाळ्याचा दिवस होता. ते उपळापाशी बसले आणि बराच वेळ उठेचनात. मला वाटलं गुडघे धरले. बघते तर ओल्या दगडावर बोटभर उंचीची तांबूस रोपटी, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदू. किडे खाणारी वनस्पती. सर म्हणाले की ही मावळातल्या सड्यांवर, उघड्या कातळावर, बघितली आहे, पावसाच्या मुलखात; इकडं, या कोरड्या पट्ट्यात, त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. ती इथं कशी, तर दगडामुळं. माळावर पाऊस नाही, पण तांबड्या थरानं अडवलेलं पाणी इथं झिरपतं. आणि झिरपून झिरपून दगडातलं खत असं काही शिल्लक राहिलेलं नाही, म्हणून दुसरं गवत इथं माजत नाही. हिला मात्र चालतं, कारण ही आपलं जेवण हवेतून पकडते. पाणी कमी झालं तर ही मरेल. शेणखताचं पाणी आलं तरी मरेल. इतकं तिचं नेमकं आहे.

सोनाबाई मागं उभ्या होत्या. त्यांना सरांचं बसणं गमतीचं वाटत होतं. "ती व्हय? आमी चिकटी म्हंतो. मुंग्या खाती," त्या म्हणाल्या. "जवर चिकटी हाय तवर कुंडात पानी हाय. ती वाळली तर आमाला रस्त्याकडं घागरी काढाव्या लागत्याल." मग मला म्हणाल्या, "तुमच्या सायबाला पानी दे की, कवाचं बसल्यात."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. जोवर चिकटी आहे तोवर पाणी आहे. मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात हमरस्ता रुंद करायचं निघालं आणि खडीसाठी माळ लागायला लागले. एका ठेकेदारानं या माळाचा उतार मागितला. मालकी दिनकरआप्पांची, गावातलं मोठं घर, सोसायटीत संचालक, ऊस आणि थोडी डाळिंबं. सुरुंग लागले असते तर जाळीदार दगड फुटून उपळ एका हंगामात संपलं असतं. मी पेटले. संस्थेचं काम फक्त मोजायचं होतं, भांडायचं नव्हतं. तसं मला बजावण्यातही आलं. मी सुट्टी घेतली आणि पत्रक लिहिलं.

मसुदा सरांना दाखवला. त्यांनी लाल पेनानं दोन ठिकाणी काट मारली. एक, मी काढलेला नकाशा, ज्यात उपळ, कुंड आणि तांबड्या थराची रेघ होती. दुसरं, एक वाक्य. ते वाक्य असं: जिथे दवबिंदू, तिथे खाली अडलेलं पाणी, ही वनस्पती म्हणजे निसर्गाने स्वतः रोवलेली पाण्याची खूण आहे.

"हे काढ," सर म्हणाले.

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच काढ."

मी काढलं नाही. मला वाटलं, सरकारी माणूस, आयुष्यभर गोपनीय शिक्के मारलेला, ज्ञान दाबून ठेवायची सवय. लोकांपासून लपवायचं कशाला? आणि आत कुठंतरी तो भजीचा धडा होता. गावाला किडेखाऊ रोपट्याशी काय घेणं? वस्तीच्या पाण्याशी तरी गावाला काय घेणं, खरं बोलायचं तर? पाणी, हा शब्द मोठ्या अक्षरात पाहिजे, म्हणजे गाव वाचेल. नकाशा छापला, वाक्य छापलं, वर चौकट टाकली.

गावानं वाचलं. इतकं कुठलंच पत्रक कुणी वाचलेलं मी बघितलं नव्हतं. ग्रामसभेला एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी देवळाचा मंडप भरला. मी उभी राहून दगड, थर, झिरपणं, सगळं सांगितलं. माणसं कान देऊन ऐकत होती आणि प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न इतके चांगले होते की मला भरून आलं. तांबडा थर किती खोल असतो? माळाच्या माथ्यावर किती, पायथ्याला किती? तो सगळीकडं सारखा जातो का तिरका जातो? मी फळ्यावर काढून दाखवलं. खडीला परवानगी द्यायची नाही असा ठराव झाला, एकमतानं, आणि तो दिनकरआप्पांनी स्वतः मांडला. जाताना त्यांनी माझं पत्रक नीट चार घड्या करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, तुज्यासारखी चार मानसं पायजे तालुक्याला."

मी ते घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, आप्पांनी कौतुक केलं म्हंजी कायतरी गेलं आपलं. मला राग आला होता तिचा.

दीड महिन्यानं सोनाबाईंचा निरोप आला, लगेच ये. मी गेले तेव्हा माळाच्या कडेला, उपळाच्या बरोबर वर, बोअरची गाडी उभी होती आणि राखाडी धुरळा उडत होता. आप्पा खुर्ची टाकून छत्रीखाली बसले होते. त्यांच्या मांडीवर माझं पत्रक होतं.

मी काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. आप्पा चिडले नाहीत. मला पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमीच लिवलंय की हितं. खाली आडलेलं पानी. मग आडलेलं पानी तसंच ठिवायचं व्हय? डाळिंब वाळून चाललीत माजी. आन् वस्तीला एक तोटी काढून देतो, शब्द हाय माजा."

डाळिंबं वाळत होती, हे खोटं नव्हतं. मी वाद घातला की हे पाणी तुमच्या एकट्याचं नाही, ते आडवं चालत वस्तीकडं येतं. त्यांनी हात पसरून विचारलं की जमिनीच्या खाली कुणाची हद्द कुठं लिहिली आहे, दाखव. सोनाबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्या आप्पांकडं न बघता मला म्हणाल्या, "तोटी त्येंची. म्हंजी बंद करायचा हात बी त्येंचाच."

पन्नास फुटांच्या पुढं धुरळ्याच्या जागी ओला चिखल यायला लागला. पाणी लागलं होतं. मग चिखल तांबडा झाला. गाडीवरचा दूरदेशीचा मजूर मोडक्या हिंदीत ओरडला, "लाल आया, लाल." मला कळलं की आता तळ फुटतोय. मी आप्पांच्या पुढं जाऊन हात जोडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. म्हटलं, इथंच थांबा, तांबड्यात थांबलात तर थोडं तुम्हाला, थोडं त्यांना. आणि खाली जायचंच असेल तर या थराच्या खालपर्यंत पोलादी पाईप घाला, बाहेरून सिमेंट भरा, म्हणजे वरचं पाणी वर राहील. आप्पांनी गाडीवाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं की एवढा पाईप घातला तर वरचं लागलेलं पाणी तुम्हाला मिळणार नाही, आणि खर्च वाढेल. आप्पा म्हणाले, "आत्ता कुठं सुरवात झाली. चालू द्या."

दोनशेच्याही पुढं गेले. खाली फारसं काही लागलं नाही. गाडी गेल्यावर मी बोअरच्या तोंडाला कान लावला. आत खोल कुठंतरी पाणी पडत होतं, न थांबता, बारीक धारेनं. वस्तीचं पाणी होतं ते. भांड्याला भोक पडलं होतं आणि माळ त्या भोकातून खाली रिकामा होत होता, जिथून ना आप्पांची मोटर ते नीट उचलू शकत होती, ना सोनाबाईंची वाटी.

मी कचेरीत गेले. कायदा आहे, त्या काळीही होता: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा नाही. मी अर्ज घेऊन टेबलामागून टेबल फिरले. तिसऱ्या टेबलावर एका क्लार्कनं शांतपणे एक रजिस्टर उघडून दाखवलं. वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत: हातपंप, एक. झऱ्याचा उल्लेख नाही. मी म्हटलं, हातपंप मोडून वर्षं झाली, लोक झऱ्याचं पितात, त्यांच्या आज्या-पणज्या त्याचंच प्यायल्या. तो म्हणाला, "पीत असतील हो. मी कुठं नाही म्हणतो. पण झऱ्याची नोंद नाही. नोंद नाही त्याच्यापासून पाचशे मीटर मी कुठून मोजू?"

फीत माझ्या पिशवीत होती. मी त्याला म्हटलं, चला, मी मोजून दाखवते. तो हसला. वाईट माणूस नव्हता. मला वाईट माणूस सापडत नव्हता, हाच तर संताप होता. सगळे आपापल्या रजिस्टरापुरते बरोबर होते.

पौषात चिकटी वाळली. दरवर्षी ती पाऊस येईपर्यंत टिकायची. होळीच्या आधी कुंड कोरडं पडलं. बायका हमरस्त्यावरच्या ढाब्यावर घागरी घेऊन जायला लागल्या. ढाबेवाला दयाळू, पण त्याची वेळ असे, आणि रस्ता रुंदीच्या कामाला आलेले ट्रक घागरींकडं बघून थांबत नसत. आप्पांचा बोअरही मार्चमध्ये खडखडला आणि त्यांनी मोटर वर काढून घेतली. वस्तीला तोटी मिळाली होती. तिच्यातून वारा येई.

याच दिवसांत मला शहरातल्या एका वनस्पतीप्रेमी गृहस्थांचं पत्र आलं. पत्रक आणि त्यापुढची हकीकत कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी फार हळहळून लिहिलं होतं की असा दुर्मिळ अधिवास नष्ट झाला हे कळून झोप लागली नाही. दोन पानी पत्र. त्यात उपळ होतं, बेसॉल्ट होता, दवबिंदूच्या पानांवरचे केस होते. वस्ती हा शब्द नव्हता. मी ते वस्तीत वाचून दाखवलं, का कोण जाणे, बहुतेक रागानं. सोनाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, चिकटीला तरी कोन रडलं." आणि मग, "आमी बी तिच्यासंगटच पीत व्हतो, ते त्येंला म्हाईत न्हाई जनू."

सरांकडं गेले तेव्हा मला वाटलं होतं की ते म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी चाळीस वर्षं अहवाल लिहिले, एकही कुणी वाचला नाही. तुझं एक पान वाचलं." आणि मग कागद ओढून बोअर बुजवायचा कसा ते काढून दाखवायला लागले. तळापासून तांबड्या थराच्या जरा खालपर्यंत खडी. त्यावर तांबड्या थराच्या जरा वरपर्यंत चिकणमाती, ठासून. भोक बुजलं तर पुढच्या पावसात तांबड्यावर पुन्हा पाणी अडेल. किती, ते सांगता येत नाही.

मी आप्पांकडं गेले. तुमचा बोअर तसाही कोरडा आहे, बुजवू द्या. आप्पा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. बोअर बुजवला की गाव म्हणणार, आप्पाचा बोअर फेल गेला. पाऊस आला की लागेल त्याला पाणी. एवढं मोठं भोक पाडायला त्यांना ग्रामसभा लागली नव्हती, पण बुजवायला अब्रू आडवी आली.

वस्तीनं ठरवलं. मी नाही ठरवलं, हे स्पष्ट लिहिते, कारण पुढं जबाबात मला पुढारी केलं गेलं. वळवाच्या आधी एका सकाळी, ऊन डोक्यावर यायच्या आत, सगळ्या बायका घमेली घेऊन माळावर गेल्या. सुकलेल्या तळ्यातली चिकणमाती आदल्या दोन दिवसांत आणून, मळून, तिचे लाडवाएवढे गोळे वळून सावलीत सुकवले होते. ओली माती टाकली असती तर बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपलाच चिकटली असती. आधी खडी. मी दर थोड्या वेळानं फीत सोडत होते आणि किती भरलं ते सांगत होते. सरांनी दिलेल्या आकड्याला खडी थांबवली. मग गोळे. एकेक गोळा आत गेला की खालून थप् असा आवाज यायचा, आणि बायका मोजत होत्या, हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, आप्पाच्या बोअरला डोहाळजेवान हाय. गाव लांबून बघत होतं. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही.

दुपारी पोलीस आले. आप्पांची तक्रार होती. पंचनामा झाला, आणि त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण मला ते सही करायच्या आधी दोनदा वाचावं लागलं: सदर इसमांनी पाण्याचा स्रोत बुजवून नुकसान केले. मी हवालदारांना विचारलं, यात पाणी होतं का? ते म्हणाले नव्हतं. मग स्रोत कसा? "बोअर म्हंजी स्रोत," ते म्हणाले. पिढ्यान् पिढ्या माणसं प्यायली तो झरा कागदावर नव्हता, आणि काही महिने पाणी देऊन आटलेलं भोक एका दुपारीत स्रोत झालं. संस्थेनं मला बोलावून घेतलं आणि समजावलं की आपण मोजणारे आहोत. मी राजीनामा दिला. खटला रेंगाळला आणि पुढं आप्पांनीच तो मिटवला, निवडणूक आली होती.

त्या पावसाळ्यात उपळ ओलं झालं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुंडात पाणी दिसायला लागलं, दिवाळीपर्यंत टिकायला लागलं. पूर्वीसारखं नाही. तांबड्या थराच्या आजूबाजूचा दगड हादऱ्यांनी कुठं कुठं तडकला असेल, असं सर म्हणतात. चिकटी अजून उगवलेली नाही. सरांचं म्हणणं, बी मातीत असू शकतं. मी दर हिवाळ्यात जाऊन बघते.

पण आम्ही त्या वेळी दुसरं एक काम धरलं होतं. अर्जावर अर्ज, आणि शेवटी एका सकाळी ग्रामसेवक रजिस्टर घेऊन कुंडापाशी आले. नवा, तरुण माणूस, बुटांत चिखल जाऊ नये म्हणून दगडावरून दगडावर उड्या मारत. सोनाबाईंनी त्यांचा हात धरून कुंडात बुडवला. ग्रामसेवक गोंधळले, मग हसले, आणि लिहायला बसले. स्रोताचा प्रकार: झरा. वापर: पिण्यासाठी. मग पुढच्या रकान्यापाशी थांबून त्यांनी वाचून दाखवलं, "बारमाही, नाही."

"नाही कसं?" सोनाबाई म्हणाल्या. "बारमाही व्हता."

"मावशी, आता नाही ना."

"आता न्हाई. पर व्हता. व्हता म्हनून बी लिवा."

ग्रामसेवकांनी रजिस्टर फिरवून आमच्यापुढं धरलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: आहे, नाही. होता, असा रकाना नव्हता. सोनाबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या बोटाखालचं निरखून बघितलं, आणि मग त्या माझ्याकडं वळल्या.

"तुला लिवता येतंय न्हवं," त्या म्हणाल्या. "मग तू लिव."